कपाटामागची आई

रम्फाईनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं. दुपार होती. मशीन थांबलेलं होतं, सुईखाली एका पोराचं नाव अर्धं घालून पडलं होतं, आणि समोर स्टुलावर थाविन बसला होता, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, उत्तर चुकणार हे आधीच कळलेल्या विद्यार्थ्यासारखा. तो गेली कित्येक वर्षं गणवेशाच्या दुकानाची गाडी चालवत होता. पांढऱ्या शर्टांचे गठ्ठे आणून टाकायचा, तिनं छातीवर निळ्या दोऱ्यानं नावं घातली की परत घेऊन जायचा. आता तो नोकरी आणि शहर सोडून चंथबुरीला निघाला होता, बहिणीनं मागं ठेवलेल्या घरात, मँगोस्टीनच्या बागेत, आणि विचारत होता की येतेस का. हे त्यानं विचारलं होतं पावसाच्या आधी, म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसाच्या. तेव्हापासून तो शब्द तिच्या तोंडात होता, चघळून चघळून मऊ झालेला, चव गेलेला, नुसता बाहेर टाकायचा राहिलेला. आज तिनं ठरवलं होतं. सकाळी उठून आईचं कपाट थोडं पुढं ओढून त्यातले आपले दोन नेसूचे कपडेसुद्धा काढून ठेवले होते. आता फक्त ओठ मिटून उघडायचे होते, तेवढ्यात वरच्या खोलीतून, त्याच कपाटामागून

तुक-कॅ

असा आवाज आला. मग पुन्हा. मग दम लागल्यासारखी घरघर, आणि पुन्हा. आवाज लाकडी जिन्यावरून एकेक पायरी उतरत खाली आला आणि दुकानाच्या पत्र्याच्या दारात उभा राहिला. थाविननं वर छताकडे पाहिलं. रम्फाईनं पाहिलं नाही. तिचा पाय आपोआप मशीनच्या पायपट्टीवरून उचलला गेला होता, मशीन बंद असूनही. गल्लीत शेजारच्या समरुय मावशीच्या कढईत केळी तळली जात होती. तो चरचरणारा आवाजसुद्धा क्षणभर थांबला.

"फाई, ऐकलंस का गं?" मावशी तिकडून म्हणाली.

"ऐकलं."

"भर दुपारी."

"ऐकलं म्हटलं ना, मावशी."

"मी आपलं सांगितलं. नंतर म्हणशील, सांगितलं नाही."

रात्री ओरडते ती पाल असते. तुकॅ हे तिचं नाव तिनं स्वतःच ओरडून ठेवलेलं, आणि नदीकाठच्या जुन्या लाकडी घरांत ती असायचीच. पण दिवसा ओरडली की ती पाल राहत नाही. तिला काहीतरी नको असतं. थाविन उठला, खिशातून कापराची कांडी काढून नाकपुडीला लावली, एकदा या, एकदा त्या, आणि म्हणाला, "मी येईन परत. गठ्ठा न्यायला यायचंच आहे." आणि रम्फाईनं उघडलेलं तोंड मिटलं आणि मशीन सुरू केलं. त्या पोराच्या नावातलं पुढचं अक्षर वाकडं पडलं. ते तिनं टाका टाका उसवलं, कापडाला भोकं राहिली, ती नखानं घासून बुजवली. भोकं बुजतात. कापड पांढरं असलं की कुणाला कळत नाही.

आईनं कधी नाही म्हटलं नव्हतं. हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण उभ्या आयुष्यात नाही हा शब्द आईनं रम्फाईसाठी वापरलाच नव्हता. छापखान्यातला तो मुलगा घरी आला होता तेव्हा, रम्फाईचे केस कमरेपर्यंत होते तेव्हा, आईनं त्याला बसायला चटई टाकली, पाणी दिलं, पेरू कापून मीठ-मिरची लावून दिला, त्याच्या विनोदाला हसलीसुद्धा. तो गेल्यावर पानं वाढली आणि स्वतःच्या पानावर दुसरं पान पालथं घालून ठेवलं. आई, जेव ना. जेवते की, तू जेव. संध्याकाळी ते पान तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. भात वाळून तांदूळ झाला. आई केर काढत होती, कपडे वाळत घालत होती, शेजाऱ्यांशी हसून बोलत होती, फक्त खात नव्हती, आणि तिच्या हालचालींत कुठंही रुसवा नव्हता. हीच तर गोष्ट होती. रुसवा असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. शेवटी एके सकाळी रम्फाई मशीनवरूनच, मागं न वळता म्हणाली, नाही जात मी कुठं. "मी काही म्हटलं का?" आई म्हणाली, आणि गरम भात वाढून घेतला, वर खारवलेल्या माशाचं पाणी, आणि सावकाश, एक एक घास चावून जेवली. रम्फाईला त्या चावण्याचा आवाज अजून ऐकू येतो. कधी कधी सुई कापडात जाते येते त्या आवाजात तो मिसळलेला असतो, मग ती मशीनचा वेग वाढवते.

नंतर आईला अर्धांग झालं आणि ती वरच्या खोलीत पडून राहिली. हाताशी तामचिनीचा पेला असायचा. काही हवं असलं की ती तो जमिनीवर आपटायची, टण, आणि खाली रम्फाईचा पाय पायपट्टीवरून उचलला जायचा. अशी वर्षं गेली. टण, पाय वर, जिना, पाणी, कूस बदलणं, भांडं काढणं, जिना, पाय खाली, कुणाचं तरी नाव. शहरातल्या कितीतरी मुलांची नावं तिच्या हाताखालून गेली. ती मुलं मोठी झाली, त्यांची मुलं आली, आणि रम्फाई त्यांच्याही छातीवर नावं घालत राहिली. आई शेवटी हॉस्पिटलात वारली तेव्हा, परत मशीनसमोर बसल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की एक संपूर्ण नाव, मधे न थांबता, सलग घालता येतं. तिनं घातलं. ते नाव अतिशय सुंदर आलं. आणि नाव पूर्ण झाल्याबरोबर तिला इतकी भीती वाटली की ती उठून रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

अस्थी देवळाच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून आल्यावर, वरच्या खोलीतली गादी गुंडाळायला ती गेली तेव्हा कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत दोन डोळे होते. पिवळे, आणि त्यांत उभी काळी चीर, शर्टाच्या काजासारखी. मग अंग दिसलं: हातभर लांब, राखी-निळं, त्यावर शेंदरी ठिपके, कुणी बसून गाठीचे टाके घालावेत तसे. रम्फाई ओरडली नाही. ओरडली असती तर समरुय मावशी धावत आली नसती, झाडू घेऊन सावकाश आली असती. वर गेल्यापासून तिचा काहीच आवाज आला नाही म्हणून मावशी धावत आली. मावशीनं फटीत वाकून पाहिलं आणि हात जोडले.

"ओळखलंस का?"

"कुणाला?"

"बघ की नीट. तसंच बघतेय. मान तशीच."

रम्फाई हसली होती. आपण हसलो हे तिला पक्कं आठवतं, कारण त्यानंतर त्या खोलीत ती हसलेली नाही.

गेलेलं माणूस घराच्या ओढीनं असं परत येतं हे काही मावशीनं शोधून काढलं नव्हतं. सगळ्यांनाच माहीत असतं. त्यात भिण्यासारखं काही नाही, उलट लोक त्याला घराचं भाग्य म्हणतात. भीती असलीच तर ती ज्याचं त्यानं समजून घ्यायची असते. रम्फाई बाजारातल्या पाखरांच्या दुकानातून जिवंत नाकतोडे आणू लागली. "कुठलं पाखरू आहे?" दुकानदार विचारायचा. "मैना," ती म्हणायची. "बोलते का?" "बोलते." दोरे ओढायच्या चिमट्यात नाकतोडा धरून ती तो फटीपुढं न्यायची. सांजवात लागायच्या वेळेला ती पाल अर्धं अंग बाहेर काढून थांबायची, थांबायची, आणि मग चिमट्याला एक झटका बसायचा. नंतर चावण्याचा आवाज. सावकाश. रम्फाई भिंतीवर पाणी शिंपडायची, पाल ते थेंब चाटायची, एकदा तर स्वतःच्या डोळ्यावरून जीभ फिरवली तिनं. सकाळी कपाटाखालची लेंडी पुसून काढायची. आईचं काढत होते, आता हिचं काढते, एवढाच विचार तेव्हा मनात यायचा आणि तो फारसा दुखायचाही नाही. एकदा तिनं तिला कात टाकताना पाहिलं. हातमोजा काढावा तशी तोंडानं स्वतःची कातडी ओढून काढली आणि गिळून टाकली. कणही खाली पडू दिला नाही. आईही काही टाकत नसे.

"लोक कुत्रं पाळतात," समरुय मावशी म्हणायची, "तू आई पाळलीस."

एकदा ती पाल चावलीही. अंगठा धरला आणि सोडेना. दुखण्यापेक्षा त्या पकडीचं आश्चर्य वाटलं, इतकंसं डोकं आणि इतका निश्चय. रम्फाई हात उंच धरून जिना उतरली, तिच्या अंगठ्याला ती लोंबकळत होती, थंड, पोट धपापत असलेली, आणि रम्फाईच्या मनात आलं की हे असंच होतं, बाहेरून दिसत नव्हतं इतकंच. मावशीनं तंबाखूचं पाणी तिच्या जबड्यात सोडलं तेव्हा कुठं ती सैल झाली. लहानपणी आई सांगायची, तुकॅचं काळीज पिकतं. आत फुगत जातं, तिला सहन होत नाही, म्हणून ती ओरडून हिरव्या सापाला बोलावते. साप येतो, तिच्या तोंडात डोकं घालतो आणि पिकलेलं काळीज खाऊन जातो, आणि तिला हलकं वाटतं. रम्फाईनं एकदा माडाच्या खोडावर खरंच पाहिलं होतं, सापाचं डोकं पालीच्या जबड्यात. तेव्हा वाटलं होतं की साप खातोय. आता तिला वाटू लागलं की सापाला धरून ठेवलं होतं. तो गेलाच असता, केव्हाच गेला असता, फक्त जबडा उघडायला हवा होता कुणीतरी.

त्या दुपारनंतर पाल पुन्हा दिवसा ओरडली नाही. रम्फाई मशीन चालवताना एक कान वर ठेवून असायची. आपणच सकाळी कपाट ओढलं, म्हणून बिचकली असेल, इतकं साधं होतं ते. कपाट ओढायचं, आणि तेही त्याच सकाळी, आणि आतून कपडे काढायचे, आणि ते बांधायचे, हे सगळं त्या फटीतून जे दोन डोळे पाहत होते त्यांना काय कळायचं ते कळलं. पालीला कळेल का? पालीला नाही कळणार. हा विचार इथवर आला की ती तो तिथंच सोडून द्यायची. शाळा उघडायच्या होत्या, उन्हाळा माथ्यावर होता, गल्लीतलं डांबर मऊ झालं होतं, आणि शर्टांचे गठ्ठे येत होते. थाविन गठ्ठा टाकायचा, घाम पुसायचा, स्टुलावर बसायचा. विचारायचा नाही. न विचारता बसून राहणारं माणूस घरात असलं की काय होतं ते रम्फाईला चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणून त्याच्या त्या गप्प बसण्याचा तिला एकदम राग आला.

"विचारा की."

"विचारलंय ना एकदा."

"मग पुन्हा विचारा. गप्प बसू नका असे."

थाविननं कांडी नाकाला लावली, परत खिशात ठेवली. "मला कळतंय, फाई," तो म्हणाला. "आईंना इथं एकट्या टाकून तू कशी येशील. मी विचार केला. त्यांनाही घेऊन चल. घर मोठं आहे, जुनं लाकडाचं आहे, छताला फटीच फटी. बागेत किडे इतके की विकत आणायला नको."

रम्फाईनं हातातला शर्ट खाली ठेवला. तो इतका भला माणूस होता. तिला वाटलं होतं तो हसेल. म्हणेल, अगं पाल आहे ती, वेडी आहेस का, दार लावून घे आणि चल. एका माणसानं, एकदाच, मोठ्यानं तसं म्हणावं यासाठी ती वर्षभर थांबली होती, हे तिला त्या क्षणी कळलं. तिला नुसतं जायचं नव्हतं. तिला आईशिवाय जायचं होतं. आणि हे वाक्य जगात कुणापुढं बोलायचं नसतं, याच्यापुढं तर नाहीच.

"नर असतो म्हणे ओरडणारा," थाविन काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला. "माझा भाऊ पकडायचा लहानपणी, तो सांगायचा. मादी बोलत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आई असतील तर ओरडायला नको, असं आपलं."

"तुम्ही माझ्या आईला पाहिलं नव्हतं."

दोघंही हसली, आणि हसता हसता दोघांनी एकदमच वर पाहिलं, आणि हसणं संपलं. आणि रम्फाई म्हणाली, "बरं. येते. घेऊन येते तिला." तो शब्द असा निघाला, दुसऱ्याच एका वाक्याला लोंबकळत.

पकडायचं काम समरुय मावशीनं केलं. काठीच्या टोकाला तंबाखू बांधून ती फटीत सरकवली. पालीनं टोक धरलं, चावलं, आणि थोड्या वेळानं भिंतीवरून तिचे पाय एकेक करून सुटले. रम्फाईनं गणवेशाच्या कापडाची पिशवी शिवून ठेवली होती, जाड पांढऱ्या सुताची, वरून नाडी. पिशवी शिवताना हात सवयीनं पुढच्या भागावर नाव घालायच्या जागी गेला होता आणि तिथंच थांबला होता. कुणाचं घालायचं? मावशीनं ती गुंगलेली पाल दोन्ही हातांनी, म्हाताऱ्या माणसाला पाटावरून उचलावं तशी उचलून आत सोडली आणि नाडी ओढली. मावशीचे डोळे भरून आले होते.

"सांभाळून ने. आणि पूल सांगायला विसरू नकोस."

"पूल?"

"अगं, म्हणजे काय. गेलेल्या माणसाला वाट दिसत नाही पाण्यावरची. पूल आला की सांगायचं, आई, पूल आला, ओलांडतोय, सोबत ये. वळण आलं तर वळण सांगायचं. नाही सांगितलं की माणूस तिथंच उभं राहतं. हॉस्पिटलातून आईला आणताना मीच सांगत होते सगळे पूल, तू नुसती बसली होतीस खिडकीला डोकं लावून. तुला काय आठवणार."

रम्फाईला ते आठवत नव्हतं. खिडकीची काच आठवत होती, काचेचा थंडपणा.

थाविननं गाडीच्या मागच्या भागात मशीन दोरीनं आवळून बांधलं, कपाट ठेवलं नाही, ते मावशीला दिलं. सकाळची वेळ होती. रम्फाई पुढं बसली, मांडीवर पिशवी. गल्लीच्या तोंडाशीच कालवा होता, त्यावरचा पूल म्हणजे पाठ वाकवल्याइतका चढ. लहानपणापासून तिनं तो कधी पूल म्हणून पाहिलाच नव्हता. थाविननं गाडी हळू केली आणि समोर पाहत थांबला.

"आई," रम्फाई म्हणाली. आवाज घोगरा आला. कुणाशी तरी इतक्या दिवसांनी बोलावं तसा. "आई, कालवा आला. ओलांडतोय. ये."

पिशवीत काही हललं नाही. पण मांडीवरचं ओझं वाढल्यासारखं झालं, जागच्या जागी, कुणी नीट सरकून बसावं तसं. मग मोठा रस्ता, उजवीकडे वळतोय, आई. सिग्नल, त्याचं काही सांगायचं नसतं. मग नदी, चाओ फ्राया, पावसाआधीची मातकट, वर होड्या, वर रेल्वेचे डबे पुलाच्या मधोमध धावणारे, आणि रम्फाई म्हणाली, "नदी आली, आई. मोठी आहे. घाबरू नकोस, सोबत ये," आणि थाविननं स्टिअरिंगवरून एक हात काढून क्षणभर कपाळाला लावला. त्याचा चेहरा इतका गंभीर होता की तिला त्याची दया आली. मग गाडी चढणीनं वर गेली आणि खाली घरांची छपरं, वाळत घातलेले कपडे, जाहिरातींचे मोठमोठे चेहरे डोळ्यांच्या पातळीवर आले, आणि रस्ता खांबांवरून चालू लागला, आणि संपेचना.

"हा सगळाच पूल आहे," रम्फाई म्हणाली. "कुठं सांगू?"

थाविननं विचार केला. "चढताना सांग आणि उतरताना सांग. मधलं त्यांना कळेल."

"चढताना राहिलं."

"मग आत्ता सांग. अजून काही फार मागं नसतील."

तिनं सांगितलं. आई, आपण वर आहोत, खांबांवरून चाललोय, खाली बघू नकोस. उतरताना सांगितलं. नंतर कालवे आले, एकामागून एक, प्रत्येकाला तिनं सांगितलं, वळणांना सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं की आवाज बदलत चाललाय. पहिल्यासारखा घोगरा नाही. मऊ झालाय, लाडीगोडीचा. हा आवाज ती वरच्या खोलीत वापरायची, कूस बदलताना, चमचा पुढं करताना, अजून एक घास, आई, बस एवढाच. आणि ज्या बाईचा हा आवाज होता ती मेलीच नव्हती. ती आपली पिशवी मांडीवर घेऊन चंथबुरीला निघाली होती. तिथंही एक जिना असेल. तिथंही सांजवातीच्या वेळेला ती चिमटा धरून उभी राहील, बागेत फळं पिकतील आणि झडतील, थाविन खालून हाक मारेल आणि ती म्हणेल आले, आले, आईचं झालं की आले, आणि थाविन, भला माणूस, थांबेल. तो थांबतच राहील. दोघंही मिळून थांबतील. हे सगळं तिला लख्ख दिसलं.

बांग पाकाँगची नदी समोर आली. रुंद, सपाट, समुद्राकडे निघालेली, कडेला तिवरांची काळी रेघ. पूल लांबच लांब होता. एक मालट्रक बाजूनं ओलांडून पुढं घुसत होता आणि थाविनचं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं. गाडीची चाकं पुलाच्या पहिल्या जोडावर धडकली. आता सांगायचं. पूल खूप लांब होता, सांगायला हवा तितका वेळ होता. दुसरा जोड आला, तिसरा आला. पाणी डाव्या खिडकीत होतं, उजव्या खिडकीत होतं. रम्फाईच्या दोन्ही हातांची बोटं पिशवीच्या नाडीवर होती. आतून कापडाला पावलं लागत होती, चिकटत होती, सुटत होती, कारण तंबाखू उतरत चालला होता. आई म्हणायला काहीच लागत नाही. तोंड उघडलं की तो शब्द होतो. तिनं ओठ मिटले आणि नुसतं मिटून भागेना म्हणून दातांखाली धरले. विसरली नव्हती ती. पुढं कधी स्वतःला समजावायचं झालं तर विसरले असं म्हणता येणार नाही, हेही तिला पुलावर असतानाच कळत होतं. ट्रकचा भोंगा वाजला. मग काठ आला, तिवरं आली, कोळंबीची तळी आली, जमीन आली.

"पूल गेला," थाविन म्हणाला. "सांगितलंस ना? मी त्या ट्रकच्या नादात होतो."

"सांगितलं."

"हं," थाविन समाधानानं म्हणाला, आणि वेग वाढवला.

त्यानंतर तिनं प्रत्येक पूल सांगितला. चोनबुरीचे, रयोंगचे, नाव नसलेल्या ओढ्यांचेसुद्धा. मोठ्यानं, स्पष्ट, थाविनला ऐकू जाईल असे. वाटेत थांबून दोघांनी शेवया खाल्ल्या, त्यानं तिच्या वाडग्यात आपल्या वाटचे मांसाचे गोळे घातले. पिशवी तिनं बाकावर बाजूला ठेवली. दुकानातल्या बाईनं विचारलं आत काय आहे, तर रम्फाई म्हणाली, पाल.

घर खरंच मोठं होतं आणि खरंच फटींनी भरलेलं होतं. ऊन कलत होतं तेव्हा दोघं पोचली. झाडांखाली दमट सावली होती आणि पिकायला लागलेल्या फळांचा वास. थाविननं आधी पिशवीसाठी जागा पाहिली, मग तिच्या मशीनसाठी. पिशवीची जागा माजघरात, देवाच्या फळीजवळ, त्याच्या मृत बहिणीच्या तसबिरीखाली. त्यानं उदबत्ती लावली. रम्फाईनं नाडी सोडली. पाल भिंतीवर चढली, मध्यावर थांबली, मान वळवून पाहू लागली, आणि रम्फाईही पाहत राहिली. राखी-निळं अंग, शेंदरी ठिपके. पिवळे डोळे, ज्यांत ती नव्हती, थाविन नव्हता, कुणीच नव्हतं. उजेड होता खिडकीचा. भुकेली दिसत होती. मग ती छताच्या फटीत शिरली, आणि थोड्या वेळानं, बाहेर अंधारून येत असताना, थाविन चूल पेटवत असताना, तिथून तुक-कॅ असा आवाज आला, पुन्हा आला, आणि रम्फाई पिशवीची घडी घालत होती ती घालतच राहिली.

"बघ," थाविन चुलीपाशून म्हणाला. "आईंना घर आवडलं."

"नर आहे तो," रम्फाई म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता."

"ते मी आपलं बोललो होतो गं."

"नाही. खरंच आहे ते."

थाविननं वळून पाहिलं. ती घडी घातलेली पिशवी मांडीवर ठेवून जमिनीवर बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. अग्नी दिला तेव्हा ती रडली नव्हती, अस्थी ठेवल्या तेव्हा नव्हती. तो जवळ आला, काय करावं न कळून त्यानं कापराची कांडी तिच्यापुढं धरली.

"काय झालं?"

"आई गेली," रम्फाई म्हणाली.

तो बाजूला बसून राहिला. बाहेर आता पार अंधार झाला असेल, तिथंही झाला असेल, त्या लांब पुलाच्या शहराकडच्या काठावर. एकामागून एक ट्रक येत असतील आणि त्यांचे दिवे तिवरांवरून फिरून जात असतील. फुलांचं लुगडं नेसलेली एक म्हातारी बाई रस्त्याच्या कडेला उभी असेल, आता कुणी काही सांगेल म्हणून, पाण्याकडे पाहत. गाड्यांतली माणसं आपापल्या मेलेल्यांना पूल सांगत असतील, तिच्याकडे कुणी पाहणार नाही. आणि ती त्यांना थांबवणार नाही. आईनं उभ्या आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नव्हता.